‘पाणी आले’ आणि ‘पाणी सोडले’ : चेन्नईचा २०१५ चा पूर आणि पूरकथनातील कर्ता

२०१५ च्या नोव्हेंबरमध्ये चेन्नईत एक हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. १९१८ नंतरचा तो तेथील सर्वाधिक पावसाचा नोव्हेंबर होता. शहराभोवतालचे तलाव त्या महिन्यातच भरत आले होते. त्यावर १ डिसेंबरचा पाऊस कोसळला. २ डिसेंबरच्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत तांबरम येथे ४९ आणि चेंबरमबाक्कम येथे ४७ सेंटिमीटर पावसाची नोंद झाली. चेंबरमबाक्कम जलाशयातून अडयार नदीत सोडले जाणारे पाणी त्या संध्याकाळपर्यंत सेकंदाला सुमारे २९ हजार घनफुटांवर गेले आणि रात्रीतून नदीकाठची सैदापेट, कोट्टूरपुरम, जाफरखानपेट ही वस्ती पाण्यात गेली. विमानतळ बंद पडला. १८७८ साली सुरू झालेल्या ‘द हिंदू’ या वृत्तपत्राची चेन्नई आवृत्ती २ डिसेंबरला निघू शकली नाही, कारण कामगार छापखान्यापर्यंत पोहोचूच शकले नव्हते. त्या हंगामात तमिळनाडूत चारशेहून अधिक माणसे दगावली.

या घटनेविषयी चेन्नईत जे बोलले गेले त्यात दोन वाक्ये पुन:पुन्हा येतात. एक, ‘तण्णि वंदुडुच्चु’ : पाणी आले. दुसरे, ‘तण्णिय तिरंदु विट्टुट्टांग’ : पाणी सोडून दिले. पहिल्या वाक्यात पाणी स्वत:च्या पायांनी येते. दुसऱ्यात ते कोणीतरी सोडलेले असते. पूरविषयक साहित्याचा विचार बहुधा प्रतिमांच्या अंगाने, म्हणजे रौद्ररूप, प्रलय, संहार या अंगाने केला जातो. परंतु चेन्नईच्या संदर्भात प्रतिमेहून क्रियापद अधिक बोलके आहे. पुराचे कथन करताना कर्ता कोण ठरतो आणि कोणत्या कर्त्याला वाक्यातून अदृश्य होता येते, हा प्रश्न तमिळ व मराठी या दोन भाषांतील संहिता शेजारी ठेवून पाहिला, तर दोन्ही परंपरांविषयी काही वेगळे हाती लागते.

व्याकरणाचा मुद्दा प्रथम स्पष्ट करणे आवश्यक आहे. तमिळमध्ये ‘विट्टुट्टांग’ या रूपातील ‘आंग’ हा प्रत्यय तृतीयपुरुषी अनेकवचन दाखवतो. नाम उच्चारले नाही तरी ‘त्यांनी’ क्रियापदाला चिकटून राहतात. मराठीत मात्र ‘पाणी सोडले’ या कर्मणी प्रयोगात क्रियापद पाण्याच्या लिंगवचनाप्रमाणे चालते. कर्ता गाळला तर वाक्यात भोक पडल्यासारखे वाटत नाही. प्रशासनाची मराठी आणखी एक पाऊल पुढे जाते आणि ‘पाणी सोडण्यात आले’ असे लिहिते, म्हणजे सोडण्याच्या क्रियेला पुन्हा ‘आले’ हेच क्रियापद जोडून देते. ‘विसर्ग’ या नामात तर क्रियाच उरत नाही. कार्यालयीन तमिळलाही ‘तिरंदु विडप्पट्टदु’ हे कर्मवाच्य रूप उपलब्ध आहे व ते वापरले जाते; पण रस्त्यावरच्या तमिळने ते स्वीकारलेले नाही. मराठीत ‘एखाद्या गोष्टीवर पाणी सोडणे’ म्हणजे उदक सोडून हक्क संपवणे. हा वाक्प्रचार येथे अनाहूतपणे आठवतो. ज्यांच्या घरांवर पाणी सोडले गेले त्यांनाच आपल्या घरांवर पाणी सोडावे लागले.

‘पाणी आले’ हे वाक्य मद्रासच्या साहित्याला नवे नाही. अशोकमित्रन यांची ‘तण्णीर’ ही १९७० च्या दशकाच्या आरंभीची कादंबरी याच वाक्याच्या प्रतीक्षेवर उभी आहे. तेथे मात्र ते आनंदाचे वाक्य आहे. आटलेले हातपंप, खणून ठेवलेले रस्ते, टँकरची वाट पाहणाऱ्या बायका आणि नळाला येणारे घाण पाणी यांच्या मधोमध जमुना व छाया या दोन बहिणी उभ्या आहेत. चित्रपटसृष्टीच्या कडेला तग धरून असलेल्या जमुनाचे शोषण आणि गल्लीतील पाण्याचे दुर्भिक्ष यांपैकी एक दुसऱ्याचे रूपक आहे, असे कादंबरी कोठेही सांगत नाही. ती दोन्ही शेजारी ठेवते. अशोकमित्रन यांचा हा संयम टीकाकारांनी बरेचदा ‘तटस्थता’ म्हणून नोंदवला आहे. तो शब्द अपुरा आहे. निवेदन तटस्थ असूनही पाणी कोणाला मिळते व कोणाला मिळत नाही याचा हिशेब त्यात कधी सुटत नाही. घागर कोणाची, पंप कोणाच्या अंगणात, रांगेत पुढे कोण : दर प्रसंगात पाण्याला एक मालक आणि एक वाटेकरी असतो.

याच शहराने एकाच दशकात दोन्ही टोके पाहिली. डिसेंबर २०१५ मध्ये बुडालेल्या चेन्नईचे चारही प्रमुख जलाशय जून २०१९ मध्ये जवळपास कोरडे पडले आणि जुलैत जोलारपेट्टैहून रेल्वेने पाणी आणावे लागले. मराठी वाचकाला लातूर आठवल्याखेरीज राहणार नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये त्याच सांगली-मिरज परिसरात कृष्णेचा पूर शिरला. दुष्काळ आणि पूर ही दोन स्वतंत्र संकटे नसून पाण्याच्या एकाच व्यवस्थेची दोन रूपे आहेत, हे जलतज्ज्ञांना नवीन नाही. साहित्याने मात्र त्यांची विभागणी केलेली दिसते. दुष्काळाला कादंबरी मिळाली; पुराच्या वाट्याला कविता, आठवण आणि वार्तापत्र आले. ‘तण्णीर’च्या तोडीची शहरी पुराची कादंबरी दोन्ही भाषांत सहजी आठवत नाही. याचे एक कारण काळाच्या रचनेत आहे. टंचाईला महिने असतात, रांगा असतात, रांगेतले बोलणे असते. कादंबरीला लागणारी सगळी सामग्री ती पुरवते. पूर एका रात्रीत येतो व काही दिवसांत ओसरतो, असे मानले जाते. ‘असे मानले जाते’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. एका रात्रीची घटना म्हणून पुराची मांडणी करणे, हाच कर्ता गाळण्याचा पहिला मार्ग आहे.

मराठीत पुराची जी एक रचना शाळेपासून सर्वांच्या कानावर असते ती कुसुमाग्रजांची ‘कणा’. तीत नदी पाहुणी म्हणून येते, लेकीच्या हक्काने घरभर वावरते आणि जाताना सारे नेते. सांगणारा तक्रार करत नाही. नाशिककडे गोदावरीला गंगा म्हणतात, हे लक्षात घेतले की त्या पाहुणीचे आप्तपण कवितेत कोठून आले ते कळते. नदी ओळखीची आहे, तिचा किनारा ठरलेला आहे, ती पूर्वीही आली होती. अशा पुराला ‘पाहुणा’ हे रूपक शोभते आणि मोडलेल्या माणसाचे न मोडणे हे त्या कवितेचे बलस्थान आहे, यात वाद नाही. अडचण कवितेची नसून तिच्या वापराची आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्यानंतर मुंबईच्या ‘जिद्दी’चे जे गोडवे गायले गेले, ते ‘कणा’च्या नायकाला शहराच्या आकारात फुगवल्यासारखे होते. चेन्नईतही २०१५ नंतर तसेच झाले. मच्छीमारांनी होड्या रस्त्यावर आणून माणसे वाचवली, मशिदी व मंदिरे आश्रयाला उघडी राहिली. हे सर्व खरे आहे आणि सांगण्याजोगे आहे. तथापि संकटग्रस्ताचा कणा ताठ असल्याचे कौतुक जितके वाढते, तितका पाणी कोठून आले हा प्रश्न मागे पडतो. येथे पाहुणी घरी आलेली नव्हती. मिठी व अडयार या दोन्ही नद्यांच्या पात्रावर विमानतळांच्या धावपट्ट्या आहेत. चेन्नईत बकिंगहॅम कालव्याच्या पात्रात शहर रेल्वेचे खांब उभे आहेत. पाणी आपल्या जागी होते; आगंतुक शहर होते.

मराठीने आपल्या पुरांना दिलेली नावेही या दृष्टीने तपासण्यासारखी आहेत. १२ जुलै १९६१ च्या पुण्याच्या आपत्तीला आजही ‘पानशेतचा पूर’ म्हणतात. नदीचे नाही, धरणाचे नाव. लोकांच्या तोंडी बसलेल्या या नावात कारणाचा निर्देश शिल्लक राहिला आहे, जरी ‘धरण फुटले’ या अकर्मक क्रियापदाने तो पुन्हा अर्धा पुसला. मुंबईच्या आपत्तीचे नाव ‘सव्वीस जुलै’ असे पडले. ती केवळ तारीख आहे. तारखेला जाब विचारता येत नाही. धरणाच्या पाण्याला कर्ता मिळवून देण्याचे काम मराठीत पूरसाहित्याने नव्हे, तर विस्थापनाच्या कादंबरीने केले. विश्वास पाटील यांच्या ‘झाडाझडती’त पाणी इंचाइंचाने चढते आणि प्रत्येक इंचामागे एक कागद, एक सही, एक हितसंबंध असतो. ती पुराची कादंबरी मानली जात नाही. पण बुडणे ही निसर्गाची क्रिया नसून निर्णयाची परिणती आहे, हे सूत्र मराठी कथनाने तेथे कमावले आहे. ‘धरणग्रस्त’ आणि ‘पूरग्रस्त’ हे शब्द प्रत्ययाने जुळे असले तरी पहिल्यामागे चळवळ उभी राहिली, दुसऱ्यामागे बहुतेक वेळा मदतवाटपाची यादी.

प्राचीन तमिळ परंपरेकडे वळल्यावर अपेक्षेच्या उलट चित्र दिसते. दैवी कोप हे जुन्या पूरकथेचे ठराविक स्पष्टीकरण मानून आधुनिक वाचक ती बाजूला ठेवतो. ‘मणिमेखलै’ या सात्तनार यांच्या महाकाव्यात पुहार ही चोळांची बंदरनगरी समुद्र गिळतो. का गिळतो? हरवलेल्या पुत्राच्या शोकात राजा इंद्रोत्सव करायचे विसरतो म्हणून. कारण अद्भुत आहे, पण त्याची रचना नीट पाहावी. नगरी बुडते ती राजाने करायचे काम केले नाही म्हणून. चूक अकृतीची आहे आणि ती नावानिशी सांगितली आहे. तसे पाहिले तर ‘शंभर वर्षांतून एकदा पडणारा पाऊस’ हे २०१५ मध्ये पुढे केलेले स्पष्टीकरण या महाकाव्यापेक्षा अधिक दैववादी आहे.

याहून बारीक काम परंज्योती मुनिवर यांच्या ‘तिरुविळैयाडल पुराणम्’मधील मदुरैच्या कथेत आहे. वैगै नदीला पूर येतो. पांड्य राजा आज्ञा देतो की घरटी एका माणसाने येऊन बांधाचा आपल्या वाट्याचा भाग घालावा. वंदी ही पिट्टु विकून जगणारी म्हातारी एकटी आहे. तिच्या घरात माणूस नाही. शिव मजूर होऊन येतो आणि फुटक्या पिट्टुच्या मजुरीवर माती वाहण्याचे कबूल करतो. पण काम सोडून खेळतो, झोपतो. वंदीच्या वाट्याचा बांध अपुरा राहिलेला पाहून राजा त्याला छडी मारतो आणि तो वळ राजासकट सर्वांच्या पाठीवर उठतो. भक्तिकथा म्हणून तिचा अर्थ सर्वश्रुत आहे. पूरकथा म्हणून वाचली तर तिचा गाभा वाटणीत आहे. बांध सर्वांचा, म्हणून मोजून वाटलेला. ज्याच्यापाशी हात नाहीत त्याच्यावरही तेवढाच भार, हा त्या वाटणीतला अन्याय कथेला ठाऊक आहे, आणि छडीचा वळ सर्वांवर उठवून ती तो अन्यायही वाटून टाकते. तलाव व कालवे यांच्या सामूहिक दुरुस्तीची ‘कुडिमरामत्तु’ ही तमिळ प्रथा या कथेच्या पाठीशी आहे. धुळे-नाशिकच्या फड पद्धतीची ओळख असणाऱ्या मराठी अभ्यासकाला तिचे मर्म वेगळे समजावून द्यावे लागणार नाही.

चेन्नईच्या दक्षिणेकडील मदुरांतकमला ‘एरी कात्त रामर’, म्हणजे तलाव राखणारा राम, आहे. एरी म्हणजे बांध घालून केलेला तलाव. अठराव्या शतकाच्या अखेरीस चेंगलपट्टूचा कलेक्टर असलेल्या लायनेल प्लेसला मुसळधार पावसाच्या रात्री बांधावर दोन धनुर्धर पहारा देताना दिसले, अशी आख्यायिका आहे. तीत इंग्रज अधिकाऱ्याला श्रद्धा बहाल करण्याची वसाहतकालीन हौस उघड आहे. तरीही एक गोष्ट उरते : त्या रात्री कलेक्टर बांधावर होता. आख्यायिकेला तसे असणे स्वाभाविक वाटले.

या परंपरेकडे परतण्याचा उत्साह अलीकडच्या पर्यावरणनिष्ठ समीक्षेत आहे आणि त्याबाबत थोडी सावधगिरी हवी. संगम काव्यशास्त्रातील ‘तिणै’ ही भूप्रदेश व भाव यांची सांगड घालणारी व्यवस्था हाती घेऊन, चेन्नई ही मूळची ‘नेय्दल’ आणि ‘मरुदम’ भूमी, म्हणजे किनारा आणि पाणथळ शेतांचा प्रदेश असल्याचे सांगितले जाते. भूगोल म्हणून हे बरोबर आहे. परंतु मरुदम ही काव्यात रुसव्याची, परस्त्रीगमन करणाऱ्या पतीवरच्या कोपाची भूमी आहे. तिला केवळ हरवलेल्या जलसंस्कृतीचे चित्र करणे म्हणजे संकेतातील काटा काढून टाकणे होय. स्थळनामांच्या बाबतीतही असाच उतावळेपणा आढळतो. ‘वेळच्चेरी’त ‘एरी’ ऐकणारे अनेक आहेत. पण तेथे शेवट ‘चेरी’ म्हणजे वस्ती या शब्दाचा आहे. गावाला तलाव आहे आणि तो आक्रसलाही आहे. त्यासाठी व्युत्पत्ती वाकवण्याचे कारण नाही.

खरी साक्ष अधिक साध्या नावांत आहे. १९२० च्या दशकात मांबलमचा लांब तलाव बुजवून त्यागराय नगर वसवले गेले. पश्चिम मांबलममध्ये ‘लेक व्ह्यू रोड’ उरला, जेथून तलाव दिसत नाही. नुंगमबाक्कमचा तलाव गेला, त्या जागी १९७० च्या दशकात तिरुवळ्ळुवरांचे स्मारक वळ्ळुवर कोट्टम उभे राहिले; ‘टँक बंड रोड’ हे नाव मागे राहिले. मुंबईत धोबी तलाव आणि गोवालिया टँक, पुण्यात कोरड्या बागेतला ‘तळ्यातला गणपती’, हीच तऱ्हा. त्यातही चेन्नईचे उदाहरण विशेष बोचरे आहे, कारण पावसावाचून जग नाही असे ‘तिरुक्कुरळ’च्या आरंभीच सांगणाऱ्या कवीचे स्मारक तलाव बुजवलेल्या जागेवर आहे. अशी नावे नकाशावर जपलेली वाक्ये आहेत, आणि त्यांचाही कर्ता गळालेला आहे. तलाव कोणी बुजवला हे ‘लेक व्ह्यू रोड’ सांगत नाही.

२०१५ च्या पुरावरील उल्लेखनीय गद्य या गळालेल्या कर्त्याचा शोध घेते. कृपा गे यांचे ‘रिव्हर्स रिमेंबर’ हे इंग्रजी पुस्तक २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. कुटुंबाचा अनुभव, लोकांच्या मुलाखती आणि माहिती अधिकारातून मिळवलेली कागदपत्रे असा त्याचा त्रिविध आधार आहे. साहित्यकृती म्हणून त्यात असमतोल आहे. शीर्षकात नद्यांना स्मृती बहाल केली आहे, आणि ते रूपक पाण्यालाच पुन्हा कर्तेपण देते. पुस्तकाचे सामर्थ्य मात्र नेमके उलट ठिकाणी, म्हणजे जलाशयाचे दरवाजे, तास आणि आदेश यांचा पाठपुरावा करणाऱ्या कोरड्या पानांत आहे. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा २०१८ मध्ये विधानसभेत मांडला गेलेला अहवाल त्या पुराला मानवनिर्मित आपत्ती ठरवतो. तुलनात्मक साहित्याच्या अभ्यासकाने लेखापरीक्षण वाचावे, ही सूचना विचित्र वाटेल. पण ‘पाणी सोडण्यात आले’ या वाक्याचे ‘पाणी सोडले’ आणि पुढे ‘यांनी पाणी सोडले’ असे रूपांतर या पुरापुरते करण्याचा प्रयत्न सर्वांत चिकाटीने याच दोन संहितांनी केला आहे. कथात्म साहित्य त्यांच्या मागे आहे.

कर्ता सर्वत्रच गळतो असे मात्र नाही. एका शब्दाबाबत प्रशासन, न्यायालय आणि वर्तमानपत्र या तिघांनाही कर्ता लगेच सापडतो. तो शब्द ‘अतिक्रमण’. पाणी सोडण्यात येते, अतिक्रमण मात्र कोणीतरी करते. आणि ते करणारा बहुधा नदीकाठी झोपडीत राहणारा असतो. पळ्ळिकरणैच्या पाणथळीवर उभे राहिलेले माहिती-तंत्रज्ञानाचे परिसर, धावपट्टी किंवा रेल्वेचे खांब यांना हा शब्द क्वचितच लागतो. २०१५ च्या पुरानंतर अडयार व कूवमच्या काठची हजारो कुटुंबे नदीपात्र मोकळे करण्याच्या नावाखाली हलवण्यात आली. ज्या पेरुंबाक्कममध्ये त्यांना घरे दिली, तो परिसर पळ्ळिकरणैच्याच पाणथळीला लागून आहे. डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग चक्रीवादळाच्या पावसात तेथे पुन्हा पाणी भरले. हाच तो कालखंड, जो एका रात्रीची घटना म्हणून सांगितलेल्या पुरातून निसटतो, आणि जो कादंबरीला हवा आहे : तलाव बुजवण्यापासून पुनर्वसनापर्यंतचा. टंचाईच्या रांगेइतकाच तो लांब आहे, आणि त्यातही पुढे कोण व मागे कोण हे ठरलेले आहे.

या विस्थापितांच्या आणखी एका, याहून जुन्या वसाहतीचे नाव कण्णगी नगर आहे. इळंगो अडिगळ यांच्या ‘सिलप्पदिकारम्’मधील कण्णगी मदुरैच्या राजसभेत पैंजण फोडून दाखवते, ते पांड्य राजाने तिच्या नवऱ्याला विनाचौकशी दिलेल्या देहदंडाचा जाब विचारण्यासाठी. ते ऐकून राजा ‘चूक झाली’ असे मोघम म्हणत नाही. चोर आपणच, असे तो प्रथमपुरुषी एकवचनात कबूल करतो आणि सिंहासनावरच प्राण सोडतो. झोपडपट्टी निर्मूलनाच्या कारभाराने आपल्या वसाहतीला हे नाव का निवडले असेल, कोण जाणे. तेथील रहिवाशांना हलवण्याच्या आदेशांतली वाक्ये कर्मवाच्य आहेत.